किडुंग खोकायला कुठे शिकला?

बाबा,

तुमच्या पक्षीमंडळाच्या त्या पंचांनी आपल्या घराची वाट लावली. "घरात कुणी खोकत असेल तर गाणारा पक्षी तोच सूर उचलतो, मग स्पर्धेत बाद," असं ते म्हणाले आणि तुम्ही मुकाट्याने आईचं अंथरूण मागे स्वयंपाकघरात टाकलंत. किडुंगचा पिंजरा मात्र बैठकीतच!

आज तुम्ही त्याच्या खाण्यासाठी मुंग्यांची अंडी आणायला बाजारात गेलात आणि किडुंगने तोंड उघडलं. आधी पत्रा घासल्यासारखी खरखर, मग थेट आईचा खोकला. पुन्हा तेच, त्याच क्रमाने. मला नवल वाटलं. आई तर मागे झोपते, मग हा शिकला कुठे? पिंजऱ्याच्या तळाचा पत्रा ओढून पाहिला, तर लख्ख! तुम्ही सगळ्यांना सांगता, "आमचा किडुंग जातीचाच स्वच्छ." शिटत नाही की काय तो? आईला विचारलं तर हसली. "तुझे बाबा उठायच्या आत खरवडून टाकते. घाण दिसली की चिडतात गं."

मी लगेच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, त्या सुक्या शिटेची धूळच तिच्या छातीत बसली असणार.

आईला घेऊन मी वुलानमावशीकडे जातेय. तुमच्या जेवणासाठी सोयाबीनचं टेम्पे झाकून ठेवलंय. पत्रा आता तुम्ही धुवा. कोरडा खरवडू नका, आधी पाणी मारा, नाकाला फडकं बांधा.

पिंजरा अंगणात जाणार की नाही? मावशीकडे या आणि आईच्या तोंडावर सांगा.

वुरी