पाच घरांची हमी

प्रिय वान,

गाडीवान सांगत होता, तुला गुलामीतून सोडलं, तू नदीच्या उतारापर्यंत पोचलीस. ऐकल्याबरोबर पूर्वजांपुढे मूठभर राळं ठेवलं. बांबूच्या पट्ट्या थोड्या उरल्यात, म्हणून बारीक अक्षरात लिहिते.

राजधानी अजून जळतेच आहे म्हणतात. दहा हजार पिढ्या चालणार म्हणत होते, ते छिनचं राज्य पंधरा वर्षांत संपलं. छिनचं सैन्य आलं तेव्हा आपण नव्या सुना. सगळीकडे एकच माप झालं, तेव्हा तुझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "बरं झालं बाई, वाण्याची लबाडी तरी थांबली." मग पाच घरांची हमी आली. एकानं गुन्हा केला आणि शेजाऱ्यांनी कळवला नाही, तर पाचही घरं धरायची. तुझे यजमान, दाओ भावोजी, म्हणायचे, "आता शिंकायचं तरी चौघांना विचारून." आमचे हे बादशहाची कबर खणायला गेले, ते तिकडचेच झाले.

आळीचे मुखिया बो काका यांना बंड केलेल्या पोरांनी कोठारात कोंडलंय. भावोजींची चुगली त्यांनीच केली, असं पोरं म्हणतात. तू येऊन बोट दाखवलंस की कुऱ्हाड. काका सत्तरीचे. मी पेज नेते, तर म्हणतात, "सूनबाई, मरणाऱ्याला तरी मीठ नीट घाल गं."

वान, ग्रंथ जाळायचा हुकूम आला त्या वर्षी, तुतीचा पाला काढताना, भावोजी झाडाखाली लिहिलेल्या पट्ट्यांची जुडी पुरताना मला दिसले. आपली घरं एकाच हमीत, आणि घरात माझी दोन लेकरं झोपलेली. मी काकांकडे गेले. ते म्हणाले, "पोरी, मला काही ऐकू आलं नाही. उद्या विचार करून ये." मी दुसऱ्या दिवशीही गेले. जुडीत निघालं काय, तर पेरणीच्या आणि रेशीमकिड्यांच्या तिथी. शेतीच्या ग्रंथांना मुभाच होती. पण अंमलदार म्हणाला, मुभा होती तर पुरलं कशाला? भावोजींना सरहद्दीच्या भिंतीच्या कामावर नेलं, तुला गुलामीत. काकांनी माझं नाव आजवर कुणाला सांगितलं नाही. काल मी पोरांना सगळं सांगितलं, तर ती हसली. म्हणाली, "काकू, म्हाताऱ्याला वाचवायला खोटं बोलू नकोस." ती फक्त तुझं ऐकतील. आळीत शिरण्याआधी हे वाच. बोट माझ्याकडे दाखव.

एकेकाळी तुझीच,
सू