तुमच्या बंधूंच्या हातातला चेंडू

नेपरव्हिल, इलिनॉय
१७ जून १९८६

ती. वसुधावन्संना,

वीणाचा नमस्कार. वाकून केलाय असं समजा. प्रत्यक्षात मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे आणि समोर कणीक मळून ठेवली आहे. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का? एकनाथरावांची साखर कशी आहे? ते अजून चहात दोन चमचे घालून घेतात आणि तुम्ही पाठ वळवलीत की तिसरा, असं सासूबाई फोनवर म्हणत होत्या. त्यांना रागावू नका, पण साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवा.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य लिहिलं आणि उठून हॉलमध्ये डोकावून आले. खरंच खुशाल आहेत. पेपर वाचताहेत.) जानेवारीत दारासमोरचा बर्फ उपसताना तुमच्या बंधूंच्या छातीत कळ आली, दोन दिवस हॉस्पिटलात काढावे लागले, हे भारतात फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. सासूबाईंना अजूनही कळू देऊ नका. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या बारीक गोळ्या दिल्या आहेत. त्यांची एक बाटली यांच्या खिशात असते, एक गाडीत, एक माझ्या पर्समध्ये आणि एक मी मिसळणाच्या डब्यात मोहरीशेजारी ठेवली आहे. घरात कुठेही काहीही झालं तरी मी फोडणी घालण्याच्या अंतरावर असेन, असा हिशोब. विनीता हसते. पंधरा वर्षांची आहे, तिला हसू द्यावं.

आता मुख्य विषय. तो बेसबॉल आहे. वन्सं, पत्र खाली ठेवू नका.

मागच्या उन्हाळ्यात तुमच्या बंधूंनी मराठी मंडळाची एक टीम काढली आणि गावच्या पार्क खात्याच्या शनिवारच्या लीगमध्ये तिचं नाव घातलं. आपले लोक लहानपणापासून क्रिकेट खेळलेले, त्यामुळे चेंडू बरा मारतात, बरा झेलतात. तरी सगळे सामने हरले. कारण या खेळात सगळं असतं पिचरवर. पिचर म्हणजे मैदानाच्या मधोमध मातीच्या उंचवट्यावर उभा राहून फलंदाजाकडे चेंडू फेकणारा माणूस. तो बरा नसला तर बाकीच्या आठांनी कितीही धावपळ करा, समोरचे चेंडू झाडांपलीकडे पोचवत राहतात. आपल्याकडे असा माणूस नाही. आणि कुणीच नसलं तर कुणीतरी त्या उंचवट्यावर उभं राहावंच लागतं. टीमचे मॅनेजर तुमचे बंधू आहेत आणि सभ्य गृहस्थ आहेत. कुणाला नको असलेलं काम ते स्वतः करतात. मी गोळ्यांच्या बाटल्या का मोजत असते ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. या घरात पिचर शोधण्याची सगळ्यात जास्त घाई मला आहे, आणि मला त्या खेळाचे नियम धड कळत नाहीत.

मार्चमध्ये आमच्या तळघरात मीटिंग झाली. यांचं भाषण झालं. (बटाटेवडे होते म्हणून लोक थांबले.) आपली टीम आता नव्यानं बांधायची आहे, म्हणाले. दोन वर्षांपूर्वी शिकागोच्या टीमनं सीझनच्या मध्यात क्लीव्हलँडहून एक पिचर आणला आणि ती थेट वर पोचली, तसा आपणही बाहेरून एखादा आणू; नाहीतर आपल्याच माणसांतून तयार करू, पण त्याला वर्षं लागतील आणि धीर लागेल. "धीर धरायला आपण तरी कुठे जाणार आहोत?" असंही म्हणाले. सगळे हसले. मी वडे आणायला वर गेले आणि तिथेच थोडा वेळ ओट्याला धरून उभी राहिले.

पहिला आशेचा किरण अनिल. नुकताच नागपूरहून आलेला, विद्यापीठाकडून फास्ट बोलिंग टाकलेला, खांदे बैलासारखे. मी त्याला दोन आठवडे मसालेभात करून घातला. पहिल्या सामन्यात त्याच्या हातात चेंडू दिला, तर हा चालत चालत मागे निघाला, पार दुसऱ्या बेसच्या पलीकडे. (बेस म्हणजे धावताना पाय टेकवायचा चौकोन.) सगळ्यांना वाटलं, राग आला की काय. तिथून वळला आणि धावत आला तो उंचवट्यावर न थांबता पुढे उतरला आणि हात सरळ ठेवून असा काही आपटला चेंडू, की तो फलंदाजाच्या पायाशी टप्पा खाऊन अंपायरच्या पोटात गेला. फलंदाजानं बॅट खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "इज ही ओके?" अनिल हात वर करून आउटचं अपील करत होता. आपले बाकीचे आठही जण करत होते. सवय! श्रीरामकाका तर (साठीचे आहेत, कानाघशाचे डॉक्टर, दुसऱ्या बेसवर उभे असतात) दोन्ही हात आभाळाकडे करून ओरडत होते. इथे कोपर वाकवून, टप्पा न पाडता फेकायचं असतं, पण अनिलचा हात कोपरात वाकत नाही तो नाहीच. लहानपणी ज्यांनी त्याला कोपर वाकवलं म्हणून छड्या मारल्या त्या सरांना मी मनातल्या मनात बरंच काही बोलले.

मग अदलाबदल. मिलवॉकीच्या मंडळात रवी नावाचा मुलगा आहे, इथेच वाढलेला, कॉलेजात पिचर होता. तो आम्हाला उन्हाळ्यापुरता द्या, असा फोन यांनी त्यांच्या अध्यक्षांना केला. ते म्हणाले, देतो, पण आमच्या गणपतीच्या नाटकाला नायिका नाही, तुमची रेखा द्या. रेखा म्हणजे आमच्या मंडळाची गेल्या दहा वर्षांपासूनची नायिका. ती नसेल तर आमच्या नाटकाला प्रेक्षक फक्त नटांच्या घरचे. यांनी एक दिवस मागितला. मी मागितला नसता. मी स्वतः रेखाच्या घरी गेले, तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "जाशील का गं? दोनच तासांचा रस्ता आहे." ती म्हणाली, "वीणाताई, मला विकताय तुम्ही!" मी म्हटलं, "हो." त्यावर तिनं माझ्याकडे जरा बघितलं आणि बॅग भरायला घेतली. चांगली बाई आहे.

रवी आला. काय सांगू वन्सं! चर्चच्या टीमविरुद्ध त्यानं चेंडू फेकले आणि माझे खांदे जानेवारीनंतर पहिल्यांदा खाली आले. हे बाकावर बसून शेंगदाणे खात होते. बसून! मला तो माणूस शेंगदाणे खाताना इतका देखणा कधी वाटला नव्हता. आम्ही जिंकलो. आणि पुढच्याच गुरुवारी रवीचा फोन आला की देशाच्या पार दुसऱ्या टोकाला सनीव्हेलला कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत नोकरी लागली, सोमवारी निघतो. रेखा परत मागितली, तर मिलवॉकीचे लोक म्हणतात तिचे दोन अंक पाठ झालेत, आता सोडत नाही.

विनीताला विचारलं, ती शाळेच्या टीममध्ये खेळते म्हणून. ती म्हणाली, "आई, यू डोन्ट शॉप फॉर पिचिंग, यू ग्रो इट." मी म्हटलं, उगवेपर्यंत काय करायचं? तर म्हणते, "डॅड इज नॉट बॅड, यू नो." तेव्हा कळलं की बापलेक गेले कित्येक दिवस गॅरेजमागे सराव करताहेत. मी यांना म्हटलं, डॉक्टरांना विचारलंत? म्हणाले, विचारलं. कुठल्या डॉक्टरांना, तर श्रीरामकाकांना. काकांनी यांचा घसा बघितला आणि हरकत नाही म्हणाले.

गेल्या शनिवारी सामना होता आगीच्या बंबवाल्यांशी. त्यातल्या त्यात समाधान म्हणजे छाती दाबून माणसाला परत कसं आणायचं ते त्यांना येतं, आणि त्यांची अँब्युलन्स मैदानाच्या कडेलाच उभी होती. पण ती वेळ आणणारेही तेच, आणि त्यातून परत आणणारेही तेच, हे काही मनाला पटेना. हे उंचवट्यावर गेले. मी गोळ्यांची बाटली मुठीत धरून बसले. पहिला चेंडू, दुसरा चेंडू. यांचा चेहरा लाल झाला. मग यांनी टोपी काढून कपाळ पुसलं, आणि मला ते कपाळ जानेवारीतलं दिसलं. माझी मी उठले आणि मैदानात चालत गेले. माझ्या मागे कुणीतरी "मॅम, मॅम" करत होतं.

"अहो, द्या तो चेंडू."

"वीणा, सगळे बघताहेत."

"बघू देत. द्या."

"एवढी इनिंग संपू दे. दोन आउट झालेत, तिसरा झाला की संपली."

तिसऱ्या बेसवरून अनिल ओरडला, "काकू, टाकू द्या ना यार त्यांना, मस्त पडतोय!" तेवढ्यात अंपायर आला. बिचारा फार अदबीनं म्हणाला, की पिचरच्या हातातला चेंडू काढून घ्यायला इथे फक्त टीमचा मॅनेजर येऊ शकतो. मी विचारलं, मॅनेजर कुठे आहे? त्यानं यांच्याकडे बोट दाखवलं. म्हणजे वन्सं, या देशात या माणसाला थांबवण्याचा अधिकार ज्या एकाच माणसाला आहे तो हाच! मी परत येऊन बसले. ते शेवटपर्यंत टाकत राहिले. हरलो, पण थोडक्यात. घरी येताना गाडीत म्हणाले, "कर्व्ह बघितलास माझा?" (म्हणजे हवेत वळणारा चेंडू.) मी त्यांच्या शर्टाच्या बटणांखेरीज काही बघितलं नव्हतं. वर खाली, वर खाली.

येत्या शनिवारी पुन्हा आहे. कणकेवर पापुद्रा धरला, उठते. तुमच्याकडच्या मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना जे काही त्यांना आवडेल ते.

तुमची,
वीणा

ता. क. : मोठं पत्र लिहून मुद्दा राहिलाच. तुमचे बंधू जगात फक्त तुमचं ऐकतात. आठवीत तुम्ही सिगारेटवरून कानाखाली दिली होतीत, त्यानंतर त्यांनी सिगारेटच्या दुकानासमोरचा रस्तासुद्धा धरला नाही. त्यांना एक कडक पत्र लिहा. मी सांगितलं असं येऊ देऊ नका; वाईट स्वप्न पडलं म्हणा. मला पडतात त्यातलं एखादं कळवीन.

ता. क. दुसरा (सोमवार) : पत्र टपालात टाकायचं राहिलं म्हणून पुढचं लिहिते. बुधवारी मी यांना धरून हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. पट्ट्यावर चालवलं, पळवलं, तारा लावल्या. डॉक्टर म्हणाले, नवांपैकी दोन इनिंग चालतील, त्यावर एक चेंडूही नको. हे मान डोलावत होते, पण ती मान मी ओळखते. म्हणून शुक्रवारी मंडळाच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि म्हटलं, मला मॅनेजर करा. श्रीरामकाका म्हणाले, "वडे चालू राहतील ना?" मी एकमतानं मॅनेजर झाले. शनिवारी दोन इनिंग संपल्या आणि मी उंचवट्यावर गेले. अंपायरनं टोपीला हात लावला. मला वाटलं होतं आता हे वाद घालतील, म्हणून बोलायचं सगळं पाठ करून गेले होते. मी हात पुढे केला मात्र, यांनी चेंडू माझ्या हातात ठेवला. इतक्या पटकन, वन्सं, की मला कळलं, ते किती दिवस कुणीतरी येण्याची वाट बघत होते. चेंडू घामानं ओला होता. "बरं झालं आलीस," म्हणाले, आणि बाकावर जाऊन शेंगदाणे खायला लागले. तेव्हा आता स्वप्नाचं पत्र नको.

ता. क. तिसरा : उरलेल्या इनिंग कुणी टाकल्या ते विचारू नका. अनिल अजून धावतच येतो. पण हरूनसुद्धा आपण पहिल्या नंबरापासून तीनच सामने मागे आहोत, आणि बंबवाल्यांचा पिचर जुलैत सुट्टीवर जातोय. मी पेन्सिलीनं सगळं मांडून पाहिलंय. एक बरा हात मिळाला तर आपण शर्यतीत आहोत. रात्री झोप लागत नाही ती आता या काळजीनं. तुमच्या धाकट्या जाऊबाईंचा राजीव ऑगस्टमध्ये शिकागोला शिकायला येणार ना? त्याला जुलैतच पाठवता येईल का? आमच्याकडे राहील. त्याची उंची किती आहे, कोपर वाकतं का, क्रिकेट फार खेळलेला नाही ना, एवढं लगेच कळवा. इथे डावखुऱ्या पिचरला सोन्याचा भाव आहे. मला आठवतं, तो लहानपणी सगळं डाव्या हातानं करायचा आणि तुम्ही, मी, सासूबाई, सगळ्यांनी मिळून त्याच्या त्या हातावर चापट्या मारून मारून त्याला उजव्यावर आणला. वन्सं, देवासाठी, त्याला आजपासून डाव्या हातानं जेवायला बसवा.