गादीवाल्याचं मागचं दार

६ एप्रिल, रविवार

माती खाल्ली. तिसऱ्यांदा!

मावशीने निघताना बजावलं होतं, "हे बघ, आपण माणूस बघायला चाललोय, दारं नाही." माझी पर्सही तपासली तिने. मोजायची टेप कुर्त्याच्या खिशात होती, ती काही तिला सापडली नाही.

माणसाचं गाद्या-उशांचं दुकान. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, तिथे तो आणि त्याची आई. माणूस बरा वाटला. खरं सांगायचं तर चांगलाच वाटला. हळू बोलतो. केसांत कापूस अडकलेला आणि त्याला पत्ताच नाही! चहा झाला, बिस्किटं झाली, मावशी खुलली. आणि मी विचारलं, "मागचं दार कुठंय?"

मागचं दार नाही! घरात छतापर्यंत कापूस, फोमचे ढीग, आणि बाहेर पडायचं तर दुकानातूनच. मागच्या खिडक्यांना पक्के गज. दुपारी तो गाद्या पोचवायला जातो तेव्हा शटर ओढून बाहेरून कुलूप — आई आत झोपलेली! चोरांची भीती वाटते, असं आई म्हणाल्या. मी म्हटलं, आग लागली तर एक चोरच तेवढा वाचेल.

मावशीने चिमटा काढला, पण तोवर टेप बाहेर आली होती.

७ एप्रिल, सोमवार

मावशीचा फोन. पाऊण तास. पहिल्याच्या जिन्याला नावं ठेवलीस, दुसऱ्याच्या आईला खिडकीतून बाहेर उतरायला लावलंस, वगैरे. (लावलं नव्हतं. विनंती केली होती.) सदतीस वर्षांची घोडी झालीस म्हणे. तुझ्याशी लग्न करायचं तर आधी तुझ्याच ऑफिसातून परवाना काढावा लागेल.

१० एप्रिल, गुरुवार

मावशीला हे कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते. अग्निशमन खात्यातल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जळलेल्या घराच्या पाहणीला गेले होते. आतलं कुणी वाचलं नव्हतं. दाराला आतून किल्ली लागायची. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला, जागच्या जागी. दारापासून नऊ पावलं. मी मोजली. तेव्हापासून दार दिसलं की हात खिशात जातो, त्याला मी काय करू?

लग्न नको असं नाही. हवंय. रविवारी घरात बोलायला कुणी नसतं, तेव्हा तर फारच हवंसं वाटतं. पण टेप घरी ठेवून नुसतं गोड हसत बसणं — छे, नाही जमायचं.

गादीवाल्याकडून काही निरोप नाही. साहजिकच आहे. वाईट वाटलं, हेही साहजिकच.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी फाईल उघडली आणि चहा सांडला.

अर्ज! राहत्या घराच्या मागच्या भिंतीत संकटकाळी बाहेर पडण्यासाठी दार काढण्याची परवानगी मिळावी. अर्जदार — गादीवाला! सोबत हाताने काढलेला नकाशा, गादीवर शिवणीच्या खुणा करतात तशा तुटक रेघांचा. मागच्या खोलीतून थेट गल्लीत. कारणाच्या रकान्यात तीनच शब्द: "आई आत असते."

बाकी माझ्यासाठी अवाक्षर नाही. मी अर्ज तीनदा वाचला.

रुंदी पंच्याऐंशी सेंटीमीटर. आमच्याकडे नव्वद लागते.

नामंजूर केला. पाच सेंटीमीटर म्हणजे पाच सेंटीमीटर!

२३ एप्रिल, बुधवार

मावशीला कळलंय. ती म्हणते, तो बिचारा भिंत फोडायला निघालाय आणि तू पाच सेंटीमीटर धरून बसलीस. हो. बसले.

२ मे, शुक्रवार

अर्ज पुन्हा आला. रुंदी बरोब्बर नव्वद. पण दार आत उघडणारं! फोन केला — कार्यालयीन. सांगितलं, दार बाहेर उघडायला हवं, घाबरलेला माणूस दार ढकलतो, ओढत बसत नाही. किल्ली नको, वर-खाली कड्या नकोत, एका हाताने उघडलं पाहिजे. तो सगळं लिहून घेत होता. मग म्हणाला, "आईला वाटलं, तुम्हाला आमचं घर आवडलं नाही."

मी उगाच फाईलची पानं उलटली.

"आवडलं का?"

मी म्हटलं, दाराबाहेर पायरी ठेवू नका, अडखळायला होतं. आणि फोन ठेवला! इतकी मूर्ख बाई आमच्या खात्यात दुसरी नसेल.

५ मे, सोमवार

मंजूर. सही जरा जास्तच वळणदार आली.

१७ मे, शनिवार

दार बसलं. मी नाही पाहिलं, मावशी पाहून आली. मला न विचारता! येताना दोन उशा घेऊन आली.

म्हणाली, त्याच्या आईने डोळे मिटून, एका हाताने दार उघडून दाखवलं. चार वेळा. शेजारणींनाही दाखवून झालंय. आता दुपारी झोपतच नाहीत, गल्लीत खुर्ची टाकून गप्पा मारत बसतात. मी इतकी हसले! आणि मग थोडी रडलेही.

मावशीने सांगितलं, त्यांच्याकडून होकार आहे, पण तुझ्यावर कुणी जबरदस्ती करणार नाही. तूच काय ते सांग.

मंगळवारी शेवटची तपासणी, माझ्याकडेच. सही केली की फाईल बंद. मग त्याला अर्ज करायला कारण नाही, मला तिथे जायला नाही. दोन दिवस हेच डोक्यात घोळणार.

२० मे, मंगळवार

तपासणीला गेले नाही. फाईल साहेबांना परत दिली. आपल्या माणसाचं घर आपण तपासायचं नसतं, दुसऱ्याकडे सोपवायचं, असा खात्याचा नियम आहे. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "कोण लागतात तुमचे?"

त्यासाठी फॉर्मवर रकाना आहे. 'अर्जदाराशी नाते.' इतक्या वर्षांत कधी भरायची वेळ आली नव्हती. लिहिलं: होणारा नवरा.

आता फोन करते. त्यालाही कळायला हवं!