भिंतीवर ज्याचं नाव

बाबा, मी औषध खात्याच्या नोटिशीचं उत्तर लिहायला बसले होते, पण आधी तुम्हालाच लिहितेय. दुकान अजून भाईंदर पश्चिमेला तिथेच आहे. तुम्ही गेल्यापासून भिंतीवर तुमच्या सर्टिफिकेटच्या जागी माझं आहे. गेल्या आठवड्यात काउंटरवरच्या ताईंनी एका आजोबांना प्रेशरच्या गोळीऐवजी भलतीच गोळी दिली. मी शेजारी फोनवर बोलत होते, पट्टी बघितली नाही. आजोबा चक्कर येऊन पडले, मनगट मोडलं. त्यांच्या सुनेने तक्रार केली, ते बरोबरच आहे. वकील म्हणतात, "मॅडम, लिख दो ना, स्टाफने बिना पूछे दिया. लायसन बच जाएगा." ताई सकाळी येतात, काचा पुसतात, मग त्याच काचा पुन्हा पुसतात.

मला नवघरची काकू आठवतेय. मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होते. संध्याकाळी खण आवरताना तुम्ही एकदम थांबलात. प्रेशरच्या खणात शुगरच्या पट्ट्या होत्या आणि त्यातलीच एक दुपारी तुम्ही काकूला दिली होती, नाव न वाचता. रिक्षा करून आपण नवघरला गेलो, घराघरांत विचारत. काकू पायरीवर बसलेली, घामाने चिंब. तुम्ही तिला साखरपाणी पाजताय आणि तीच तुम्हाला म्हणतेय, "रडतोस कशाला रे डॉक्टर? मी मेली न्हाय अजून!" तिला दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी ती बरी होऊन घरी आली, तेव्हा तुम्ही तिच्या मुलाच्या हातात कागद दिलात. गोळी मी दिली, चूक माझी, खाली सही.

"लिहून कशाला दिलंत?" आई ओरडली. तुम्ही म्हणालात, "गोळी कुणाच्याही हातून जावो, भिंतीवर ज्याचं नाव त्यानेच जबाब द्यायचा."

तो कागद औषध खात्यात पोचला आणि लायसन्स महिनाभर बंद राहिलं. तो महिना तुम्ही स्वयंपाकघरात बसून मेथी निवडलीत, चष्मा लावून, एकेक पान उलटून बघत. आई म्हणायची, "एक्स्पायरी शोधताय का त्यावर?" तुम्ही हसायचात. मी मात्र कॉलेजातून आले की रोज टोचायचे, "वाचून द्यायचं ना, बाबा." तुम्ही मान खाली घालून म्हणायचात, "चुकलं गं."

आत्ता मी उत्तरात लिहिलंय की औषध तपासून देणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. ताईंचं नाव घातलेलं नाही. लायसन्सचं काय होईल, माहीत नाही. तो कागद सकाळी जाईल. हा तुम्हाला लिहिलेला मात्र त्या प्रेशरच्या खणात तळाशी ठेवतेय.

त्या दिवशी तो खण मी लावला होता, बाबा. कॉलेजला जायच्या घाईत. महिनाभर तुम्हाला टोचत होते, तेव्हाही मला ते माहीत होतं.