फाट्यावरचा लाल दिवा

कलबुर्गी,
११ फेब्रुवारी

सुधावैनी,

शैलूचे शरणु शरणार्थी.

करजगीला सगळे बरे असतील. तुमच्या अप्पांचा गुडघा आता कसा आहे? यंदा तुमच्याकडं तूर चांगली झाली असं ऐकलं. माझी शाळा चालू आहे. थोड्या कामासाठी कलबुर्गीला आले आहे. तुमचा जुना नंबर लावला तर दुसराच कोणी उचलतो, म्हणून पत्र लिहिते. रागानं बाजूला ठेवू नका, शेवटपर्यंत वाचा.

वीरेशअण्णा गेल्यावर तुम्ही ज्याच्यासाठी अर्जावर अर्ज केले, तो दिवा आपल्या फाट्यावर बसला. तुम्ही घर सोडून माहेरी गेलात आणि मग बसला.

त्याआधी फाट्यावर बैठक झाली होती. महेशकुमार नावाचे तरुण इंजिनियर आले होते. हायवेच्या कडेला पांढरा चौकोन आखणार, माणूस त्यात उभा राहिला की खांबावरचा कॅमेरा त्याला बघणार, दिवा आपोआप लाल होणार आणि गाड्या थांबणार, असं त्यांनी समजावलं. हॉटेलवाले बसलिंगप्पा उठले. "हितं शाळेला छत न्हाई, दवाखान्यात डॉक्टर न्हाई, आन् सरकार खांबाला डोळे बसवायलंय!" लोक हसले. मलाही त्यांचं म्हणणं अगदीच चूक वाटलं नाही, त्याच शाळेत शिकवते ना मी.

मग आपली अव्वा उठली. मला वाटलं, ज्या आईचा लेक बसमधून उतरून रस्ता ओलांडताना गेला, ती दिवा मागेल. ती म्हणाली, "न्हाई पायजे."

महेशकुमार जवळ येऊन म्हणाले, "अव्वा, असा खांब असला की माणसं वाचतात."

"असा खांब आधीबी मिळत होता?"

"व्हय. दुसरीकडं कवाच बसवलेत."

अव्वा खाली बसली. तुमचं आणि तिचं भांडण मला त्या दिवशी कळलं, वैनी. तुम्ही म्हणायचात, दिवा असता तर ते वाचले असते. आणि ती ओरडायची, "कामून रोज मारायलीस त्याला? बसवण्णानं न्हेलं माझ्या लेकाला!" मला वाटायचं, ती तुम्हाला टोचून बोलते. ती स्वतःला वाचवत होती. देवानं नेलं म्हटलं की माणूस कसाबसा जगतो. एका खांबावाचून गेला म्हटलं तर कसं जगायचं?

खांब बसला. सुरुवातीला पोरंटोरं गंमत म्हणून चौकोनात उभी राहायची. मग सगळ्यांना सवय झाली. म्हाताऱ्या बायका बिनधास्त पलीकडं जाऊ लागल्या. बसलिंगप्पांची नात आता एकटी शाळेला येते. ते आता खांबाला नावं ठेवत नाहीत.

अव्वा मात्र ओलांडायची नाही.

एकदा बसलिंगप्पाच शाळेत येऊन म्हणाले, "शैलू, तुझ्या अव्वाकडं, लिंगम्माकडं बघ जरा. रोज सांजच्याला चौकोनात हुभी राहायलीय. गाड्या थांबत्यात, ड्रायव्हर शिव्या देत्यात, आन् ही जाग्यावरनं हलत न्हाई." मी त्या संध्याकाळी तिच्या मागं गेले. ती चौकोनात उभी राहिली. दिवा लाल झाला. दोन्हीकडचे ट्रक थांबले आणि रस्ता मोकळा झाला. अव्वानं पलीकडं, जिथं बस थांबते तिथं बघून हात हलवला आणि हळूच म्हणाली, "ये रं बाळा. समदे थांबलेत."

वैनी, पलीकडं कोणीही नव्हतं. तरी मीही बघत राहिले. दिवा हिरवा झाला, ट्रक निघाले, आणि मला अशी भीती वाटली की मी अव्वाचा दंड घट्ट धरला. ती मला म्हणाली, "घाई करायलीस तू. तो निघाला होता." त्यानंतर संध्याकाळी घरी असले तरी हायवेवरचा आवाज मध्येच थांबला की मी हातातलं काम टाकून दाराशी यायचे. कळायचं, अव्वा तिथं उभी आहे.

मी तिला अडवलं नाही. कुणाला सांगितलंही नाही.

संक्रांतीआधी रस्त्याच्या कडेला खोदकाम झालं आणि कुठंतरी तार तुटली. दिवा बंद पडला. ऑफिस म्हणतं, दुरुस्ती कंत्राटदाराकडं. कंत्राटदार म्हणतो, त्याची मुदत संपली. बसवताना सगळे फोटो काढून घ्यायला आले होते, दुरुस्तीला कोणी आलं नाही. मी अव्वाला सांगितलं होतं, खांब बंद आहे, जाऊ नको. "मला बघतो तो," म्हणाली.

आता लिहायलाच हवं. मी कलबुर्गीला अव्वाला घेऊन आले आहे, दवाखान्यात. चौकोनात उभी राहून तिनं बराच वेळ वाट बघितली आणि मग पाऊल पुढं टाकलं. पिकअपवाल्यानं जोरात ब्रेक मारला, तरी धक्का बसलाच. तो पळून गेला नाही. त्यानंच तिला उचलून गाडीत घातलं आणि सगळ्या वाटेत रडत होता. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात, हृदय कमजोर आहे, ऑपरेशन झेपणार नाही. पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

बाहेर स्ट्रेचर गेलं, चाकं वाजली, की ती विचारते, "थांबलेत का?" मी म्हणते, "थांबलेत, अव्वा." मग डोळे मिटते.

काल सकाळी मात्र ती अगदी शुद्धीवर होती. माझा हात धरून म्हणाली, "दिवा असता तर वाचला असता गं माझा वीरेश. सुधी खरं बोलत होती. तिला लिव्ह, खांब आंधळा झालाय म्हणावं. तिला अर्ज करायला येतंय. दुसऱ्या कुणाचं लेकरू जाऊ नये." आणि ती रडली. अण्णा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, तुम्हाला आठवत असेल.

अर्ज करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. एवढी वर्षं सरकारदारी एकट्या फिरलात, आम्ही कोणी सोबत आलो नाही. आता कुठं जाल तिथं मी येईन.

पण आधी इकडं या. आज नर्सनं विचारलं, पेशंटजवळ अजून कोण थांबणार? मी काही बोलायच्या आत अव्वा म्हणाली, "माझी सून यायलीय. वाटंत हाय."

मी तिला खोटं पाडलं नाही.

अव्वाच्या उशाशी बसलेली,
तुमची शैलश्री