दातात धरलेला हातमोजा

प्रिय भाऊ,

सकाळपासून नुसती आत-बाहेर करतेय. ओट्यावर बसते, उठते, चुलीपाशी जाते, परत येते. शेवटी माय ओरडली, "काय वं, पायले भिंगरी लागनी का तुले?" म्हणून कागद घेऊन बसले. तुला एक विचारल्याशिवाय माझी सुटका नाही, आणि तू तर विचारण्याच्या पलीकडे जाऊन बसलास. मग काय करू? लिहिते.

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. दरवर्षी मी कोरीटला येते ती झोका खेळायला आणि सांजोऱ्या खायला. यंदा गेलेल्यांच्या नावानं भरतात तशी तुझी पहिली घागर आहे. "तुझी घागर" एवढं लिहितानाही हात अडखळतो रे! गेल्या आखाजीला तू याच ओट्यावर होतास. तोंड उघडत नव्हतं, कमल वहिनी तुला चमच्याचमच्यानं रस भरवत होती, आणि मी काही बोलले की तू डोळ्यांनी हसायचास. तुझं ते खदाखदा हसणं तोवर बंद झालं होतं.

तर विषय आपल्या हातमोज्याचा.

माझं काम काय, हे माय अजून गावाला सांगते, "मन्ही पोर फौजीसना कपडा शिवस." शिवत नाही गं बाई, कापड शोधते, असं सांगून सांगून मी थकले. वारं आत शिरू नये, घाम बाहेर पडावा, आणि तरी हात हलता राहावा, असं कापड. तुला ते कळायचं, कारण तू ते अंगात घालून बर्फात उभा राहिलेला माणूस.

गेल्या आठवड्यात आमच्या साहेबांनी हातमोजा टेबलावर ठेवला, तळहाताच्या खिडकीत बोट घातलं आणि म्हणाले, "अलका मॅडम, हे शिवून टाका." आपली खिडकी, भाऊ! उशीच्या अभ्र्याचं तोंड असतं तशी, एका कापडावर दुसरं चढलेलं. बोटं बाहेर काढायची, काम करायचं, परत आत घालायची. हातमोजा मनगटावरच राहतो. चिकटपट्टी मुद्दाम लावली नाही, कारण ती बर्फानं भरते आणि उघडताना करकर वाजते. त्या एका खिडकीसाठी मी किती कापडं फाडली आणि किती शिव्या खाल्ल्या, तुला माहीत आहे. अर्ध्या तर तूच दिल्यास.

साहेब काही वाईट माणूस नाहीत. थंडीच्या खोलीत तपासलं तेव्हा खिडकीपाशी बोटं जरा लवकर गार पडली, हे खरंच आहे. ते म्हणाले, "वर बर्फात कुणी हातमोजा काढतच नाही. सगळे जवान हेच सांगतात. मग ही खिडकी कुणासाठी? एक तरी माणूस दाखवा, हातमोजा काढला म्हणून ज्याची बोटं गेली."

आणि मी गप्प! मी, जी भांडणात कधी हरत नाही, ती खाली मान घालून बसले. कारण तो माणूस माझ्या घरातला, आणि मला त्याच माणसानं आण घातलेली.

आठवतंय ना? तू बर्फातून सुट्टीवर आलेलास. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही पेरातून गेलेली. अख्खं गाव बघायला लोटलं. माय रडत होती, वहिनी थिजल्यासारखी उभी होती, आणि तू सगळ्यांना सांगत होतास, "पहाऱ्यावर वादळ आलं, हातमोज्यातच बोटं गोठली." डॉक्टरांनाही तू हेच सांगितलेलंस. पुढच्या झेंडावंदनाला शाळेत सरांनी तुझा हात वर धरून पोरांना दाखवला. ही बोटं देशाला दिली, म्हणाले. टाळ्या काय, घोषणा काय! आणि तू हळूच माझ्याकडे बघून डोळा मारलास. मला काही कळेना.

मग शेतात, बांधावर बसून तू खरं सांगितलंस. पहाऱ्यावर तलफ आली. तंबाखू मळायला दोन्ही हात उघडे लागतात, म्हणून उजवा मोजा काखेत दाबला आणि डावा दातात धरला. शेजारचा गडी काहीतरी बोलला आणि तुला हसू आलं. "हसनू आन मोजा गया, अलके! वारानी असा नेला की दिसना बी नही." पाळी सुटेपर्यंत तो हात कोटात खुपसून उभा राहिलास. हे सांगतानाही तू हसत होतास! मला मात्र रडू फुटलं. तसा तू एकदम गंभीर झालास. "कोनले सांगू नको. मायले नही, तुन्हा वहिनीले तर नहीच नही. तुले मन्ही आन शे."

कशाला घातलीस रे ती आण? हलकं तू केलंस आणि ओझं माझ्या गळ्यात बांधलंस! त्या दिवसापासून डोक्यात एकच किडा. माणूस हातमोजा काढणारच. तंबाखूला काढेल, बिडीला काढेल, घरचा फोटो बघायला काढेल, आणि विचारलं तर वादळ म्हणेल. मग काढायची गरजच पडू नये असा हातमोजा का नाही करायचा?

पहिला नमुना घेऊन आले तो दिवस आठवतो? ऐन वैशाख, नंदुरबारचा बाजार, डोक्यावर रुमाल टाकूनही माणसं भाजत होती, आणि तू बर्फाच्या गोळ्यावाल्यापाशी जाऊन म्हणालास, "दादा, तुन्ही पेटी जरा उघड." तो जाडजूड हातमोजा घातलेला हात थेट बर्फात! गोळ्यावाला बोंबलला, पोरं जमली, बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तू तिथंच खिडकीतून बोटं काढून तंबाखू मळायला लागलास आणि सगळ्यांसमोर माझी परीक्षा घेतलीस. "अलके, तोंड अरुंद शे. अंगठा अडकस." मी इतकी चिडले होते! शिकलेली बहीण हातमोजा करते आणि हा गडी त्यात तंबाखू मळतो. पण घरी येऊन मी ते तोंड मोठं केलंच.

ती तंबाखू सोडली असतीस तर? नाही, आज भांडत नाही. भांडायचं ते दवाखान्यात भांडून झालं. पण एवढं मात्र छळतं. ज्या तंबाखूनं आधी तुझी बोटं नेली आणि मग तोंड बंद केलं, तिच्यातूनच माझी खिडकी निघाली. वहिनी तर तंबाखूच्या जाहिरातीकडेही बघत नाही. तिला कळलं तर काय म्हणेल? आणि तिचा तो मान? गावात कुणी तुझ्या बोटांचा विषय काढला की ती ताठ बसते. तो मी काढून घेऊ?

परवा कामावर रुजू झाले की उत्तर द्यायचंय. माणूस दाखवला नाही, तर खिडकी शिवायची आणि मोजे तसेच वर चाचणीला जायचे. मग तिकडे कुणी एक जण काखेत एक, दातात एक मोजा धरून उभा राहील, आणि त्याला हसू येईल. भाऊ, सांगू का? आण मोडू का? काहीतरी खूण तरी कर!

थांब, माय हाक मारतेय. घागर मांडायची वेळ झाली वाटतं.

आले. अक्षर वाकडं येतंय, तरी लिहिते. ऐक.

घागर भरून झाली होती. वर खरबूज ठेवलं, आंबे ठेवले, सांजोऱ्या ठेवल्या. मग मायनं कमरेच्या पिशवीतून एक पुडी काढली आणि घागरीपाशी ठेवायला वाकली. तुझीच ती तंबाखूची पुडी! कुठून आणली, देवाला माहीत. वहिनीनं पुरणाचे हात तसेच पुढं करून तिला अडवलं.

"आई, ते नही ठेवानं."

"मन्हा पोऱ्याले जे आवडे ते ठेवसू मी. आज त्याना दिन शे."

"दुसरं काहीबी ठेवा. ते नही."

"तू कोन माले सांगनारी?"

शब्दाला शब्द वाढला. मी मध्ये पडायला गेले, तर दोघींनी मलाच गप्प केलं. आणि वहिनीचा बांध फुटला. "ह्याच पुडीनी त्यासना बोटं खादात! ह्याच पुडीनी त्यासले नेलं! आन तुम्ही त्यासले तेच देतस?"

बोटं? मी वहिनीकडे बघितलं. वहिनीनं जीभ चावली आणि मायकडे बघितलं. मायच्या हातातली पुडी खाली पडली.

मी कसंबसं विचारलं, "वहिनी, तुला कोणी सांगितलं?"

"त्यासनीच सांगं." ती रडत होती. "सुट्टीवर आले त्याच राती. म्हने, मायले सांगू नको, अलकीले तर नहीच. मन्ही आन घाली व्हती."

आणि माय मटकन खाली बसली. "माय वं! माले बी सांगं व्हतं! माले म्हने, कमलले सांगजो नको, ती जीव टाकी दी. तिन्हा मान शे गावमा."

भाऊ! लबाडा! तिघींना? तिघींना वेगवेगळं गाठून, तीच गोष्ट सांगून, तीच आण? आम्ही एका घरातल्या तिघी इतकी वर्षं एकमेकींपासून तोंड लपवत होतो! झेंडावंदनाला माय ऊर फुगवून बसायची ती वहिनीसाठी, वहिनी ताठ बसायची ती मायसाठी, आणि मी दोघींसाठी. मला वाटायचं डोळा फक्त मलाच मारलास. अरे, तू त्या दिवशी तिघींनाही डोळा मारला असशील!

आधी वहिनीला हसू फुटलं. रडता रडताच. मग मायला. मग मी तर ओट्यावर लोळायचीच बाकी होते. शेजारची काकू डोकावून गेली, पहिल्या घागरीला ह्या बाया हसतात काय म्हणून. हसता हसता परत रडलो, आणि कोण कशासाठी रडतंय ते विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

मग मी पिशवीतून हातमोजा काढला आणि सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, मी का गप्प बसले, सगळं. वहिनी बराच वेळ तो हातमोजा उलटासुलटा करत होती. मला धाकधूक, आता ही काय बोलते! तिनं तो हातात चढवला, खिडकीतून बोटं बाहेर काढली, परत आत घातली. परत बाहेर. "हाऊ मोजा त्यासनाकडे राहता, तर बोटं राहतात?" तिनं विचारलं.

"राहिली असती, वहिनी. तोंडाचं नाही सांगत. बोटं राहिली असती."

"मंग सांगी टाक तुन्हा सायेबले. नाव घेईसन सांग."

"आणि गावात? शाळेत?"

"शाळामा मी सांगसू," ती म्हणाली. "सर दर साल माले बलावतस. औंदा पोरेसले मी सांगसू, बोटं कसानी गयात आन माणूस कसाना गया." मायनं तिच्या पाठीवर हात ठेवला. सासू-सुनेचं भांडण एवढ्या लवकर मिटलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

पुडी मायनं स्वतः चुलीत टाकली. पण पोराला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून तिचा जीव खालीवर होत होता. तेव्हा वहिनी घरात जाऊन तुझी चुन्याची रिकामी डबी घेऊन आली आणि घागरीपाशी ठेवली. आता तेवढ्यावरच भागव. तिकडे तंबाखू मिळत असेल तर आमचा इलाज नाही.

तुला वाटेल, आता अलकी निवांत झाली. कसली निवांत! साहेब म्हणतील, एका माणसावरून ठरत नाही. म्हणतील, हा तुमचा भाऊ, तुम्ही तसंच बोलणार. खिडकीपाशी गारवा शिरतो तो शिरतोच, तिथं कापडाचा आणखी एक पदर चढवून बघायला हवा, आणि वेळ कुठं आहे? आत्ताच उठून कातर घ्यावीशी वाटतेय. माय म्हणते, आधी जेव.

पण एक वचन देते, भाऊ. परवा साहेबांसमोर मी मान खाली घालणार नाही. तुझं नाव सांगेन, गाव सांगेन, तंबाखू सांगेन, दातात धरलेला मोजा सांगेन. ते नाही म्हणाले तर आणखी पदर चढवून परत नेईन, परत नाही म्हणाले तर परत. त्यांना आणखी माणसं हवी असतील, तर तुझ्या बरोबरीच्या प्रत्येकाच्या घरी जाईन आणि त्यांच्या बायकांना विचारेन. त्यांनाही कुणीतरी आण घातलीच असेल.

आता तू मोकळा आहेस. तुझी आण तिघींच्या गळ्यातून उतरली, आणि तोंडही आता दुखत नसेल. तेव्हा हस, भाऊ. पूर्वीसारखा, तोंड उघडून खदाखदा हस. मोजा मनगटालाच आहे. तो आता कुठं उडून जात नाही.

तुझी,
अलकी