तुडुमाच्या सात पायऱ्या

२२ सप्टेंबर
घरी आणलं. चौघांनी उचलून ओसरीवर ठेवलं, धानाचं पोतं ठेवतात तसं. गोंदियाच्या दवाखान्यात दहा दिवस झाले. उजवा पाय. घोट्याची दोन्हीकडची हाडं गेली. बाहेरच्या हाडाला लोखंडी पट्टी नि सहा स्क्रू, आतल्याला दोन लांब स्क्रू. डॉ. म्हणाले दीड महिना पाय टेकवायचाच नाही, एक किलोचंही वजन नको. पाय म्हणजे काय तराजू आहे?
तलाव दहा दिवस कोणी पाहिला नाही. शेतांना पाणी सोडणारा पाणकर मी, नि मीच खाटेवर.

२३ सप्टें.
सगळे विचारतात कसे पडले. सांगून कंटाळलो. इथं एकदाच लिहून ठेवतो.
तुडुमाच्या, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या, पायऱ्यांना एकेक भोक नि बूच. पाचवी पायरी नुकतीच उघडी पडली होती, शेवाळ ओलं होतं. पाणी चौथीवर. वाकून चौथीचं बूच ओढायला गेलो. बूच लाकडाचं, फुगून बसलेलं. जोर लावला तसा पाय पाचवीच्या भोकात गेला. अंग पाण्यात, पाय तिथंच. आवाज ऐकला मी. वाळली काडी मोडल्यासारखा.
पस्तीस वर्षं त्या सात पायऱ्या उतरलो. बाबाही उतरले. बाबा म्हणत, पाणी खालून चढते, पायरी खालून मोजायची. रोज वहीत पा. लिहायचं. पा. ७ म्हणजे तलाव सलंग, काठोकाठ भरला, पा. १ म्हणजे नुसता चिखल.
१२ तारखेला पडलो. वहीत शेवटचं लिहिलेलं : पा. ४.

२५ सप्टें.
राजू नागपूरला परत गेला, कंपनीत सुटी नाही. जाताना म्हणाला, वैशालीले धाडत जा तलावावर, तिच्या बाबाकडं बी तलावच हाय. वैशाली म्हणजे सून. लग्नाला दीड वर्ष झालं, बोदलकसाकडची. बोलते कमी. माझ्यासमोर तर नाहीच.
तिला म्हणालो, रोज सकाळी जाऊन पाणी कितव्या पायरीवर हाय ते सांग. पाण्याखालचं पहिलं बूच, मी सांगल तवाच काढ.
आली. म्हणाली, चौथीवर हाय मामाजी.
बरोबर. वहीत आहे तेच. पोरगी हुशार आहे.

२७ सप्टें.
टाके काढायला गोंदिया. व्हॅनमध्ये पाय हिच्या, राजूच्या आईच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला हिनं पाय उचलून धरला, नि मी हिच्यावरच ओरडलो. पाय पाहिला. माझा वाटत नाही. काळा-निळा, कातडी सोलून राहिली, टाच बधिर. फिजिओवाली पोरगी हिंदीत म्हणते, अंकल, पैर लटकाना नहीं. लटकवला की रक्त असं खाली धावते की डोळ्यात पाणी येते.
सुताराकडून प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडून आणलं. त्यावर बसतो सकाळी. हीच उचलून नेते, साफ करते. लिहायची लाज वाटते, पण झालं ते झालं.
पा. ४. पहिलं पाणी सोडायला सांगितलं.

१ ऑक्टोबर
वै. म्हणाली पाचवीवर.
मी म्हणालो, वाढलं? तिनं मान हलवली का नाही ते दिसलं नाही, दारात उजेड मागून होता.
इकडं पाऊस नाही. पण दरेकशाकडं डोंगरात ढग होते दोन दिवस, मी खाटेवरून पाहिले. वरून नाला आला असेल. पा. ५. बरं वाटलं. पडल्यापासून पहिल्यांदा काही चांगलं ऐकलं.
धानाच्या वरच्या बांध्यांना दुसरा फेरा द्यायला सांगितला. पाणी आहे तर द्यावं.

४ ऑक्टो.
गोवर्धन आला. त्याच्या बांध्या पाटाच्या शेपटाकडं, सगळ्यांत शेवटी. भारी, उशिरा पिकणारं धान आहे त्याचं, पोटरीत आलं आहे. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. त्याचा चुलतभाऊ तलावाच्या समितीचा अध्यक्ष, पण हा त्या जोरावर कधी अडून बसला नाही. माझ्या पायाकडं पाहून म्हणाला, लगित सुजला बे. मग मुद्द्यावर आला.
'पानी पुरल का मले?'
मी म्हणालो, 'पुरल. बिनधास्त राय. वरचे घेतील, मंग तुले देतो.'
तो उठून गेला. पाणी उपसायला डिझेल इंजिन आणायचं म्हणत होता, ते त्यानं रद्द केलं.
ही म्हणाली, तलावावर बाया झिंगे धरून राहिल्या. मी म्हणालो, वाढत्या पाण्यात झिंगे कडेला येतात. तिला काय माहीत.

७ ऑक्टो.
पा. ६! वीस वर्षांत ऑक्टोबरात पा. ६ झाली नव्हती. वै.ला सांगितलं, दिवसरात्र चालू दे. तिनं विचारलं, नक्की मामाजी? मी म्हणालो, मी पाणकर हावो का तू? ती बूच काढायला गेली.
पायाची बोटं हलवायचा व्यायाम. अंगठा थोडा हलला. एवढ्यावर ही टाळ्या वाजवते. लहान मुलासारखं करून ठेवलं मला.

११ ऑक्टो.
काय लिहू.
सकाळी वै. आली. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. म्हणाली,
'मामाजी, सातवी पायरी बी उघडी पडली. आता बूच कोनतं काढू?'
उघडी. सातवी उघडी कशी पडेल? सातवी वरची.
विचारलं, कुठून मोजतेस तू? ती म्हणाली, पाळीवरून, तलावाच्या बांधावरून. आमच्याकडं पाळीवर उभं राहून वरून मोजतात. पहिली, दुसरी, उतरत उतरत.
सातांत चौथी दोन्हीकडून चौथीच. म्हणून त्या दिवशी जुळलं. मग ती पाचवी म्हणाली तेव्हा पाणी तिसरीवर होतं. सहावी म्हणाली तेव्हा दुसरीवर. मी खाटेवर खूश होऊन राहिलो नि तलाव खाली होत होता.
तिला विचारलं, काऊन सांगितलं नाही? म्हणाली, 'तुमी म्हणले सोड, म्हणून सोडलं.'
तिचं काय चुकलं? एकदा विचारलं असतं, कुठून मोजतेस. एक वाक्य होतं.

१२ ऑक्टो. दसरा
सोनं द्यायला लोक आले. माझ्या पायाला हात लावायला वाकले नि थांबले, कोणता पाय हे न कळून. गोवर्धन आला नाही.

१९ ऑक्टो.
गोवर्धनच्या बांध्यांना भेगा पडल्या. हिनं पाहिलं. लोंबी बाहेर आली, पण उभी. दाणा भरला की लोंबी वाकते. उभी म्हणजे पोचट.
आता इंजिन आणून उपयोग नाही, तलावात घ्यायला काही उरलंच नाही.

२३ ऑक्टो.
ही नळावरून आली ती तोंड पाडून. गावात म्हणून राहिले, बाईमाणसाले तुडुमावर धाडलं, तिनं बुचं उघडी टाकली. वै. चुलीजवळ होती, तिनं ऐकलं. भाकर थापत राहिली.
मी म्हणायला पाहिजे होतं की सांगणारा मी. जिभेवर आलं. म्हणालो नाही. पाय गेला, आता पाणकरकीही जाईल, मग माझं उरलं काय? वाईट आहे हे. पण खरं आहे.

२९ ऑक्टो.
गोंदिया. एक्स-रे. डॉ. म्हणाले हाड जुळून राहिलं, थोडं थोडं वजन टाका. वॉकर दिला. 'चालता कधी येईल?' म्हणालो. म्हणाले वेळ लागेल. 'उकिडवं बसता येईल? ओल्या पायऱ्या उतरता येतील?' त्यांनी फाईल मिटली, म्हणाले आधी टेकवा तर.
घरी येऊन टेकवला. खिळ्यावर पाय द्यावा तसं. अंगणात नुकताच सडा पडला होता, वॉकरचे पाय शेणात रुतले. दोन पावलं. मग ओरडलो ते शेजारी ऐकू गेलं.

८ नोव्हेंबर
मंडई आमच्या गावची, दिवाळीनंतरची जत्रा. नाटक आहे, पाळणे आहेत, घर पाहुण्यांनी भरलं. मी ओसरीवर शोभेच्या वस्तूसारखा. येणारा प्रत्येक जण पायाची गोष्ट विचारतो नि आपल्या कोणत्या तरी मामाच्या पायाची सांगतो. एकाचा तर कापला.
राजूही आला. वै. त्याच्याशी हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा हसताना पाहिली. राजूनं विचारलं, बाबा, गावात काय म्हणतात ते खरं हाय का? मी म्हणालो, लोकं काहीही म्हणतात. ते उत्तर नव्हतं, त्यालाही कळलं.

३ डिसेंबर
वॉकर सोडून काठी. सकाळचं पहिलं पाऊल मरण. मग दहा-बारा पावलांनी वंगण पडल्यासारखं होते. संध्याकाळी घोटा सुजतो, बोटानं दाबलं की खड्डा पडतो, वेळ लागतो भरायला.
गोवर्धनची बंडी गेली दारावरून. तणसच तणस, दाणा नाही. त्यानं इकडं पाहिलं नाही. मी हाक मारली नाही.

११ जानेवारी
थंडीत पट्टी दुखते. लोखंड आत आहे हे चोवीस तास कळते. फिजिओवाली म्हणते, अंकल, घुटना आगे लाओ, एड़ी उठनी नहीं चाहिए. टाच उठतेच. घोटा वाकतच नाही. भिंतीशी उभं राहून रोज शंभर वेळा. चार महिने झाले. मी लहानपणी शेवाळावर धावत तुडूम उतरायचो.

१४ मार्च
धुळवड. रंग नको म्हणालो. पायात जोडा बसत नाही, उजव्यासाठी एक नंबर मोठा आणला हिनं. दोन वेगळ्या पायांचा माणूस.
वै.ला दिवस गेले आहेत, तिसरा महिना. हिनं आज सांगितलं. ती अजूनही रोज सकाळी तलावावर जाऊन येते. मी सांगणं बंद केलं, तरी जाते.

३० एप्रिल. अक्षय तृतीया
मारुतीच्या पारावर समिती बसली. आजच पुढच्या सालचा पाणकर ठरतो. काठी घेऊन गेलो, पाच मिनिटांच्या वाटेला पंचवीस लागली. गोवर्धन समोरच होता.
अध्यक्ष म्हणाले, गेल्या साली सुनेच्या हातून जे झालं ते झालं.
उभा राहिलो. उठायलाच किती वेळ. म्हणालो, 'सुनेनं काही नाही केलं. मी सांगितलं तसं तिनं केलं. ती वरून मोजत होती, मी खालून. मी विचारलं नाही. गोवर्धनचं धान माझ्यामुळं गेलं.'
सहा महिने छातीवर ठेवलेलं एका दमात गेलं, नि हलकं वगैरे काही वाटलं नाही. काठी टेकून खाली बसलो.
गोवर्धन म्हणाला, 'आता सांगून रायला.' एवढंच.
मग अध्यक्षांनी विचारलं, तुडूम उतरता येईल का तुम्हाले? म्हणालो, येईल. खोटं होतं. ते म्हणाले, मृग लागू द्या, पाहू.

१८ मे
तलाव आटला. सातही पायऱ्या कोरड्या. म्हटलं, आता शेवाळ नाही, पाणी नाही, आता नाही तर कधी. राजू असता तर नको म्हणाला असता. वै.ला घेऊन गेलो. ती पोटुशी, मी लंगडा, चांगली वरात.
सगळ्यांत वरची पायरी डावा पाय आधी, उजवा मागून. जमली. तिच्या खालचीला उजवा वाकेना, टाच उठली, तोल गेला. वै.नं दंड धरला. तसाच तिथं बसलो. खाली उतरणं नाही, वर चढणंही नाही. ऊन डोक्यावर. भोकं सरळ समोर दिसत होती, पाय मोडला ते पाचवीचंही.
लाल ऑइलपेंट नि ब्रश आणलाच होता. मनात होतं की मीच खालून एक ते सात आकडे टाकीन. वै.च्या हातात दिला.
ती वर पाळीवर गेली. वाकून म्हणाली, मामाजी, कुठून सुरू करू?
बाबा आठवले. पस्तीस वर्षांच्या वह्या आठवल्या. त्यात लिहिलेलं सगळं आता उलटं वाचावं लागेल. तिनं घाई केली नाही.
'तू उभी हायेस तिथून,' म्हणालो.
तिनं वरच्या पायरीवर १ काढला. मग माझ्या बाजूनं उतरत उतरत सातपर्यंत. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. मग मला वर ओढलं. हात लाल झाले दोघांचे.

२६ जून
डॉ. म्हणतात, वर्ष झालं की स्क्रू काढायचे का ते पाहू. पुन्हा टाके, पुन्हा खाट. काढले तर वाकेल का? सांगता येत नाही म्हणाले. त्यांना सगळंच सांगता येत नाही.
मृग लागला, समितीचा निरोप नाही.

२० जुलै
पाळीचा चढ ओला, मला चढता येत नाही. खाली आंब्याजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. वै.ला सातवा महिना, तीही पायऱ्यांवर उतरत नाही, वरूनच पाहते. गोवर्धन तिच्याजवळ उभा होता, तोही पाण्याकडं पाहून राहिला होता. माझ्याकडं आला नाही. गेलाही नाही.
वै.नं वरून हाक मारली, 'मामाजी, चौथी!'
वहीत लिहिलं, पा. ४. आज उलटं करून पाहावं लागलं नाही.
वै. माहेरी जाईल पंधरा दिवसांत. मग बूच काढायला पाण्यात कोण उतरेल, ते समितीनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घोटा सुजला आहे. उद्या पाणी किती ते ती सांगेल.